पंचनामा झाल्यावर घर कोण पुसतं?

परवा रात्री मुलं झोपल्यावर मी आणि ताईने एक इंग्लिश सिनेमा बघितला, सबटायटल लावून. 'सनशाइन क्लीनिंग' नावाचा, 2008 चा, म्हणजे तसा जुनाच. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की म्हणून शहर आहे, तिथल्या दोन बहिणी. मोठी रोझ, लोकांच्या घरी साफसफाई करते, एकटीने मुलगा वाढवतेय आणि त्याला चांगल्या खासगी शाळेत घालायचंय तर पैसा नाही. धाकटी नोरा, कुठेच टिकत नाही, हॉटेलातली नोकरी पण गेलेली. मोठीच्या ओळखीतला एक पोलीस तिला सांगतो की जिथे खून झालेत, कुणी आत्महत्या केलीय, कुणी एकटं मरून पडलंय, अशा जागा साफ करण्यात बरा पैसा आहे. मग दोघी जुनी व्हॅन घेऊन त्या धंद्यात उतरतात.

सिनेमा विनोदी आहे, पण त्यातलं दुःख पण खरं आहे, कारण या दोघींच्या आईने त्या लहान असताना आत्महत्या केलेली असते आणि ते घरात कुणी धड बोललेलं नसतं. आम्ही हसलो पण. मग एक सीन येतो, दोघी रक्ताने भरलेली गादी कशीबशी उचलून नेतात आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकायला बघतात, पडतात, ओरडतात. तिथे ताईने पॉज केलं. आम्ही दोघी हसत नव्हतो तेव्हा.

कारण आम्ही ती गादी उचललीय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमचे मामा गेले. इथे नाशिकमध्येच, इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे, मामी आधीच गेलेली, मुलगा परदेशात. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली असायची, दूधवाला सकाळी त्यात पाकीट टाकून जायचा. समोरच्या काकूंनी चौथ्या दिवशी बघितलं तर पिशवीत तीन पाकिटं फुगलेली आणि चौथं त्या दिवशीचं. बेल वाजवली, फोन केला, मग आम्हाला फोन आला. पोलीस आले, कुलूपवाला आला. झोपेतच गेले होते, हार्ट अटॅक. मे महिना, पंखा चालू, खिडक्या बंद. जास्त लिहीत नाही.

पोलिसांनी त्यांचं काम नीट केलं, खोटं कशाला बोलू. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, सिव्हिलला पोस्टमॉर्टम झालं आणि तिथूनच परस्पर अमरधाम, कारण बॉडी घरी आणायच्या स्थितीत नव्हतीच. संध्याकाळी सात वाजता आम्ही सगळं आटपून मामांच्या घरी परत आलो आणि दार उघडलं. पलंग, गादी, पलंगाखालची फरशी, सगळं तसंच. टेबलावर चष्मा, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, भिंतीवर कालनिर्णय, त्यात दुधाच्या खुणा. म्हणजे माणसाला न्यायला सगळे होते, पोलीस, शववाहिका, डॉक्टर, नातेवाईक, पण मागे जे राहतं त्यासाठी कुणीच नव्हतं, आणि हे आपल्याला दार उघडेपर्यंत सुचत पण नाही.

सोसायटीचे लोक म्हणाले आज रात्रीच करून टाका, जिन्यात उभं राहवत नाहीये. त्यांचं पण चूक नाही. कुणीतरी ओळखीने एक माणूस आणला, पंचेचाळिशीचा असेल. तो तीन हजार म्हणाला. आणि आणणाऱ्याने माझ्यासमोर त्याच्या हातात दोनशे रुपये वेगळे दिले, आधी क्वार्टर मारून ये मग वर जा, म्हणजे वास कळणार नाही. त्या माणसाच्या पायात स्लीपर, तोंडाला बांधायला रुमाल, हातमोजे नाहीतच. एक पत्र्याचं डबडं आणि खराटा. त्याला असं उघड्या हाताने आत पाठवायचं हे ताईला बघवेना, ती म्हणाली नको, आम्ही दोघी करतो.

तो गेला नाही. जिन्यात उभा राहिला.

आम्हाला काय करायचं ते खरंच माहीत नव्हतं. घरात बाथरूमचं अ‍ॅसिड होतं ते आम्ही आधी फरशीवर ओतलं, आणि ताई त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकायला लागली, मूठभर पडली असेल तेवढ्यात घशात चरचरलं आणि डोळ्यांतून पाणी. जिन्यातून तो ओरडला, ताई टाकू नका, बाहेर या आधी, खिडक्या उघडा. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. हे मला शाळेत शिकवलेलं होतं बरं का, केमिस्ट्रीत, आणि त्या क्षणी आठवलं ते मला नाही, त्याला.

मग तो दारात बसून सांगत गेला आणि आम्ही करत गेलो. अ‍ॅसिड भरपूर साध्या पाण्याने आधी पूर्ण काढा. पाणी गारच घ्या, गरम घेतलं की रक्त धरून बसतं. कोरडं खरवडू नका, झाडू तर मारूच नका, उडतं ते. जुन्या चादरी ब्लीचच्या पाण्यात भिजवून वर पसरा आणि अर्धा तास हात लावू नका. पुसायचं ते बाहेरून आत, आतून बाहेर नाही. फरशीच्या सांध्यांत जुना ब्रश घाला, वास तिथे बसतो. गादी फाडू नका, कापूस उडेल, तशीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

हे सगळं त्याला कुणी कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. त्याचे वडील पोस्टमॉर्टमच्या खोलीबाहेर हेच काम करायचे, मग तो. पोलीस बोलावतात, दवाखाने बोलावतात, आमच्यासारखे बोलावतात. नंतर मी डॉक्टर मैत्रिणीला विचारलं तर तिने तेच सांगितलं जे तो म्हणाला, फक्त शब्द वेगळे. रक्त सांडलं तर हॉस्पिटलमध्ये 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट टाकून झाकून ठेवतात आणि थांबतात, मग पुसतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सुद्धा सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यावर लस आहे. त्या माणसाला कुणी कधी दिली का विचारलं तर तो म्हणाला कसली?

तर मला जे म्हणायचंय ते हे आहे. या कामात कसब आहे, ते कसब असलेली माणसं आपल्या शहरात आहेत, आणि आपण त्यांना नाव, दर, हातमोजे, लस यातलं काहीही देत नाही, देतो ती क्वार्टर. हे काम उघड, शिकवलेलं, ठरलेल्या दराचं आणि कुणालाही करता येईल असं काम झालं पाहिजे. महापालिकेने त्याची सोय केली पाहिजे आणि ज्यांना धंदा म्हणून करायचंय, त्या दोन बहिणी का असेनात, त्यांना लायसन मिळालं पाहिजे.

सिनेमातल्या बहिणींना गादी डब्यात टाकल्यावर साफसफाईचं सामान विकणारा दुकानदार समजावतो की बायांनो असं चालत नाही, रक्तातून रोग पसरतात, याचं ट्रेनिंग असतं, विल्हेवाटीचे नियम असतात. मला वाटतं सिनेमात विनोद करता येतो तो यामुळेच, की पाठीमागे काहीतरी व्यवस्था उभी आहे. अमेरिकेत 1991 पासून कामगारांसाठी रक्तातून होणाऱ्या संसर्गाचा वेगळा नियम आहे, ज्याचा रक्ताशी संबंध येतो त्या कामगाराला हिपॅटायटिस बी ची लस मालकाने फुकट देऊ केलीच पाहिजे. बऱ्याच राज्यांत गुन्ह्यातल्या पीडितांसाठीचा जो सरकारी निधी असतो त्यातून घर साफ करायचा खर्च पण मिळतो. तिथेही हे काम गरीबच करतात, रोझ आधी पण लोकांची घरंच पुसत होती, तिच्या शाळेतल्या मैत्रिणी श्रीमंत झाल्यात आणि ही नाही, हे सिनेमा लपवत नाही. पण तिला व्हॅनवर धंद्याचं नाव लावता येतं. नाव लावता येणं ही साधी गोष्ट नाही हो. नाव आलं की पत्ता आला, दर आला, पावती आली, चूक झाली तर जबाबदारी आली. आमच्या जिन्यात उभ्या माणसाला फक्त कुणाच्या तरी ओळखीने बोलावता येतं, आणि कशावरून बोलावतात ते आपल्याला सगळ्यांना माहितीय.

जातीवरून बोलावतात. हे लिहिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

मी हे एका ओळखीच्या कार्यकर्त्या काकांना सांगितलं तर ते चिडले, आणि त्यांच्या चिडण्यात दम आहे म्हणून लिहिते. ते म्हणाले, बाबासाहेबांनी 1927 ला महाडला सांगितलं की मेलेली जनावरं ओढायचं काम सोडा, आणि तू परत त्याच कामाला प्रतिष्ठा द्या म्हणतेस? हे काम चांगलं आहे असं गोड बोलून त्याच माणसांना त्यातच ठेवायचं, हा जुना डाव आहे. मी यावर खूप विचार केला. आणि मला वाटतं ते बरोबर आहेत, जर आपण फक्त 'प्रतिष्ठा' शब्द देणार असू तर. हार घालणं, पाय धुणं, सफाई दूत वगैरे नावं देणं, यातलं काही नकोच. बाबासाहेबांनी काम सोडा म्हणून सांगितलं कारण ते काम जातीने गळ्यात बांधलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मग उपाय असा की ते काम जातीपासून सोडवायचं. आणि मृत्यू काही थांबणार नाही, म्हणजे कुणीतरी करणारच, मग ते शिकून, पूर्ण पैसे घेऊन, अंगभर सूट घालून, कुठल्याही आडनावाच्या माणसाने करावं. ज्या शहरात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या शहरात तरी हे बोलायला जड जाऊ नये.

लाड-पागे समितीच्या शिफारशीने सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, ती मी काढून घ्या म्हणत नाहीये, तेवढी एकच खात्रीची गोष्ट त्या घरांकडे आहे. पण वारसाने जे काम मिळतं ते पिढ्यानपिढ्या त्याच घरात राहतं हे पण खरं आहे. जिन्यातल्या माणसाला तर ती नोकरी पण नाही, तो कुणाच्याच मस्टरवर नाही.

कायद्याचं बघितलं तर हाताने मैला उचलण्याविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, तो मैला, गटार, सेप्टिक टँक यांचं बोलतो. गटारात कामगार मेला तर 30 लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टाने 2023 ला सांगितलं, चांगलंच झालं. पण बेडरूममधलं रक्त त्यात बसत नाही. बायोमेडिकल कचऱ्याचे 2016 चे नियम आहेत, पिवळी पिशवी, लाल पिशवी, दवाखान्यात भिंतीवर तक्ते लावलेले असतात. दवाखान्यातला रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत जातो आणि रोज गाडी येऊन घेऊन जाते. तसंच रक्त घरातल्या गादीला लागलं की ती गादी नुसती अडचण होते. आणि नवीन फौजदारी कायदा, 1 जुलै 2024 पासून लागू झालेला, त्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर गेलंच पाहिजे आणि व्हिडिओ काढला पाहिजे असं आहे. म्हणजे पुरावा गोळा करायला तज्ज्ञ येणार, कॅमेरा येणार, आणि ते गेल्यावर ज्या बाईचा नवरा किंवा मुलगा मारला गेलाय तिने बादली घेऊन बसायचं. ज्याने मारलं तो कोठडीत आणि पुसायला ही. हे मला कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मग लोक म्हणतात की मरणाचा धंदा करू नये. अहो पण आपण नाशिककर आहोत. आख्ख्या देशातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात, दशक्रिया होते, तिथे गुरुजी असतात, नाभिक असतात, पिंडाचं साहित्य, दर्भ, फुलं, तांब्याची भांडी विकणारे असतात, तिकडे त्र्यंबकला नारायण नागबळी तीन दिवस चालतो. या सगळ्यांचं पोट मरणावर आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, दुःखातल्या माणसाला यांचा आधार होतो, मामांचा दहावा पण आम्ही तिथेच केला आणि गुरुजींनी फार मायेने सगळं केलं. आत्म्याच्या वाटेची एवढी बारीक सोय आपण शेकडो वर्षांत बसवली, कुणी काय करायचं, किती दक्षिणा, कुठल्या दिवशी, सगळं ठरलेलं. फरशीची सोय मात्र केली नाही, कारण फरशी पुसणारा आपल्या हिशोबात माणूसच नव्हता.

काही जण म्हणतात घरच्यांनीच करावं, शेवटची सेवा. मी केलीय ती सेवा. मला मामा आठवले की आधी ती फरशी आठवते, मग मामा आठवतात. लहानपणी आम्हाला सायकलवर डबलसीट पंचवटीत फिरवणारे मामा, आणि मला त्यांच्यापर्यंत त्या वासातून जावं लागतं. हे कुणाच्याही वाट्याला यावं असं मला वाटत नाही. सिनेमात एक सीन आहे, एका म्हातारीचा नवरा गेलेला असतो आणि ती घराबाहेर बसलेली असते, रोझ आत कामाला जायच्या आधी तिच्याशेजारी नुसती बसते, हात धरून. मला तो सीन फार बरोबर वाटला. घरच्या माणसाने बाहेर बसायला हवं, त्याचा हात कुणीतरी धरायला हवा, आणि आतलं काम ज्याला येतं त्याने करायला हवं.

एकट्याने मरणं वाढणार पण आहे हे लक्षात घ्या. जपानमध्ये त्याला शब्दच आहे, कोडोकुशी, आणि तिथे अशी घरं साफ करण्याचा रीतसर व्यवसाय उभा राहिलाय. आपल्याकडे गंगापूर रोड, इंदिरानगर, कॉलेज रोडला किती फ्लॅटमध्ये एकेकटे आजीआजोबा आहेत ते आपापल्या बिल्डिंगमध्ये मोजून बघा, मुलं पुण्याला, बंगलोरला, अमेरिकेला.

आणि 2027 ला सिंहस्थ आहे. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लीत चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. त्या दिवसाबद्दल खूप वाचलंय मी, पण संध्याकाळी ती गल्ली कुणी धुतली, कशाने धुतली, त्या माणसांना नंतर कुणी काही विचारलं का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. परत तसं काही होऊ नये हीच प्रार्थना, पण लाखो लोक येणार, अपघात होणार, आजारी लोक येणार, मग कुंभासाठी सफाई कामगार भरती होईल तेव्हाच त्यातल्या काही जणांची वेगळी टीम करून ट्रेनिंग आणि लस का देऊ नये? कुंभ संपल्यावर तीच टीम शहराला उपयोगी पडेल. नाशिक महापालिका मोफत अंत्यसंस्कार योजना वर्षानुवर्षं चालवतेय, गरिबाच्या सरणाला लाकूड फुकट मिळतं, हे करणारं शहर आहे आपलं. त्याच योजनेला घराची सफाई जोडा, ज्याला परवडतं त्याच्याकडून पैसे घ्या, ज्याला नाही त्याला फुकट. पोलीस पंचनामा संपवताना घरच्यांच्या हातात एक फोन नंबर देतील, एवढं तरी.

बायकांचं वेगळं बोलायला हवं. मी हे एका बचत गटात बोलले तर पहिलं वाक्य आलं, लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न जमेल का. पापड, शेवया, मसाले हे बायकांचे धंदे आणि हे नाही, असं आपणच ठरवून टाकलंय. पण घरातलं सगळ्यात घाण काम कोण करतं? बाळंतिणीचे कपडे कोण धुतं, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं कोण करतं? ते फुकट केलं की संस्कार आणि त्याचेच पैसे घेतले की बट्टा, हे मला मान्यच नाही. एक बाई मात्र शेवटी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, ताई, किती मिळतील? तिचा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटला, आणि सिनेमातली रोझ पण त्याच प्रश्नाने सुरुवात करते.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही जिन्यातल्या त्या दादांना घरी बोलावलं. त्या रात्री त्यांना तीन हजार दिलेच होते आम्ही, त्यांनी मोजून घेतले, नंबर दिला, तो ताईने जपून ठेवला होता. चहा घेत तिघांनी वहीत हिशोब मांडला, एका खोलीचं काम, तीन माणसं. जाड रबरी हातमोजे, गमबूट, सूट, चांगला मास्क, हायपोक्लोराइट, प्लॅस्टिक, टेम्पो, तिघांची मजुरी, लसीचे तीन डोस. दादांनी दोन ठिकाणी आम्हाला खोडून दुरुस्त केलं, टेम्पोवाला या कामाला दुप्पट घेतो म्हणाले, आणि मजुरी आम्ही कमी धरली होती ती त्यांनी वाढवली.

मामांची गादी दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीवाल्याने घेतली नव्हती, त्याने नुसते स्वतःचे उघडे हात दाखवले आणि ते बरोबरच होतं. शेवटी दादाच टेम्पो करून घेऊन गेले आणि कुठेतरी जाळली, कुठे ते आम्ही तेव्हा विचारलं नाही. रविवारी विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, नदीकडे. वहीतल्या सगळ्या ओळींपुढे आकडे आहेत, 'गादी कुठे द्यायची' या ओळीपुढे अजून काही लिहिलेलं नाही.